बारा वावांची दोरी

२०१८ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि त्या वयात नवीन घर बांधायला काढलं होतं. लोक म्हणाले, आता कशाला? मी म्हटलं, जागा माझी, चिरा माझा, तुमच्या पोटात का दुखतं? त्या साली माझ्या पडवीतल्या खोलीत एक भाडेकरू राहत होता. हे लिहिणं त्याच्याबद्दल आहे, माझ्याबद्दल नव्हे. मी मध्ये मध्ये येतो, कारण खोली माझी होती.

त्याला सगळी वाडी सारंग म्हणायची. मालाच्या बोटीवर खलाशांचा जो मुकादम असतो त्याला सारंग म्हणतात. हा जन्मभर बोटीवर सारंग होता म्हणे. 'म्हणे' मी मुद्दाम लिहितो. बोटीवरचा माणूस म्हटला की घरात एखादं परदेशी घड्याळ, एखादा रंगीत डबा, काहीतरी असतं. ह्याच्याकडं एक लोखंडी पेटी, एक स्टोव्ह आणि दोऱ्या. जाड, बारीक, सुताच्या, नायलॉनच्या, काथ्याच्या. आल्या दिवशी त्यानं आधी दोऱ्या खुंट्यांना लावल्या आणि मग कपड्यांना खुंटी उरली नाही म्हणून माझ्याकडं खिळे मागायला आला.

मी आमच्या हिला म्हटलं, "हा माणूस सरळ नाय."

ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला आजवर सरळ कोण दिसलाय?"

मी चौथी शिकलो. पुढची शाळा लांब होती आणि बागा जवळ. निम्मं आयुष्य लोकांच्या आंब्याच्या बागा राखल्या, नंतर स्वतःची थोडी कलमं केली. राखणीच्या कामात नजर अशी होते की काठी टेकत येणारा माणूस आधी चोर दिसतो, मग म्हातारा दिसतो. ही नजर वाईट असं लोक म्हणतात. त्यांनी राखण केलेली नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी बघतो तर सारंग माझ्या विहिरीच्या कठड्याशी वाकलेला. खिशातनं गाठी मारलेली सुतळी काढून कठड्याच्या कोपऱ्याला लावत होता.

"काय चाललंय?"

"कोपरा बघतोय."

"कोपऱ्यात काय बघायचं?"

"काटकोनात आहे का ते."

"विहिरीला पाणी हाय. तेवढं पुरे."

तो उठला, सुतळी खिशात घातली आणि म्हणाला, "पाणी काय मालक, खड्ड्यातसुद्धा असतं."

मला मालक म्हणायचा, पण असं म्हणायचा की आपणच त्याच्या खोलीत राहतो असं वाटावं.

लहान सुतळी त्याच्या खिशात आणि मोठी दोरी खांद्यावर. ही मोठी दोरी काथ्याची होती, त्यानं स्वतः वळलेली, बारा वाव लांब. वाव म्हणजे माणसानं दोन्ही हात पसरले की होतं तेवढं अंतर. समुद्रावर पाण्याची खोली वावात मोजतात. दोरीची दोन्ही टोकं एकत्र बांधलेली आणि वावावावाला गाठ, म्हणजे सारखे बारा भाग. त्यातल्या एका गाठीला लाल चिंधी, दोन गाठींना पांढऱ्या. लाल चिंधीपासून एका अंगाला तीन भागांवर एक पांढरी, दुसऱ्या अंगाला चार भागांवर दुसरी पांढरी, आणि त्या दोन पांढऱ्यांच्या मध्ये उरलेले पाच भाग. तीन माणसांनी तीन चिंध्या धरायच्या आणि दोरी ताणायची. तिन्ही बाजू टणक झाल्या की लाल चिंधीच्या जागी काटकोन पडतो. गवंड्याच्या लोखंडी गुण्यात असतो तसाच, फक्त गुण्या हातभर आणि ही दोरी अंगणभर. मी हे आता सोपं करून लिहितो, पण माझ्या गळी ते उतरायला पुष्कळ दिवस गेले, आणि त्याच्या सांगण्यावरनं तर उतरलंच नाही.

त्याची एक अट असायची. तो स्वतः दोरी धरायचा नाही. तीन माणसं जमवायचा, त्यांना चिंध्या द्यायचा आणि आपण लांब उभा राहायचा. एकदा ताणून झाली की म्हणायचा, "जागा बदला." ज्यानं लाल धरली त्यानं पांढरी धरायची, पांढरीवाल्यानं लाल. परत ताणायची. दोन्ही वेळा एकच आलं तर खरं.

मी विचारलं, "एवढा अविश्वास कशाला?"

"माणूस बघू नका मालक, गाठ बघा. आणि ज्याच्यावर सगळ्यात कमी भरवसा त्याला लांबची गाठ द्या."

हे त्यातल्या त्यात मला पटलं होतं. अविश्वासाच्या बाबतीत आम्ही दोघं एका शाळेतले. फरक एवढाच की मी माणसांवर संशय घ्यायचो आणि तो भिंतींवर. माणसांवर घेत नव्हता असंही नाही. बाहेर जाताना खोलीला कुलूप लावायचा आणि कुलपावर वरनं सुतळीची गाठ मारायचा. तशी गाठ वाडीत दुसऱ्या कोणाला येत नव्हती. म्हणजे कुणी कुलूप उघडलं तर त्याला कळावं. किल्ली दुसरी माझ्याकडंच होती, तेव्हा हा संशय कोणावर ते सांगायला नको. मला राग आला. आणि गाठ कशी मारलीय ते मी दोन-तीनदा जवळ जाऊन बघितलं, पण जमली नाही.

बाजारात एकदा त्याच्याबरोबर गेलो होतो. हार्डवेअरच्या दुकानात शिरला. मोजपट्टी दाखवा म्हणाला. दुकानदारानं दाखवली. ह्यानं दुसरी मागितली, मग तिसरी. तिन्ही काउंटरवर शेजारी शेजारी ताणून धरल्या आणि टोकं बघत बसला.

दुकानदार म्हणाला, "काका, सगळ्या सारख्याच असतात."

"तेच बघतोय. असतात का."

"मग?"

"दोन सारख्या आहेत. पण त्या दोन बरोबर का ही एक बरोबर, ते कोण सांगणार?" आणि एकही न घेता बाहेर आला. दुकानदारानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच ह्याला घेऊन आलो. मी पुढं होऊन दुसऱ्या बाजूनं चालायला लागलो.

शिडी दिसली की त्याला राहवायचं नाही. कोणी नारळाला, कोणी कौलं शाकारायला शिडी लावलेली असायची. हा खाली जाऊन शिडीचा पाय बघायचा आणि वरच्या माणसाला खाली बोलवायचा. एकदा वाडीतल्या पोरांनी नेटच्या खेळासाठी पटांगणात दिव्याचा खांब उभा केला. खांब जमिनीपासून बारा हात, ताण द्यायला तार बांधायची होती आणि तिची खुंटी पाच हातांवर ठोकलेली. पोरं खांबावर चढून मोजायच्या गोष्टी करत होती. सारंग रस्त्यावरनं जाता जाता म्हणाला, "तेरा हात. गाठींचं वेगळं."

कोणी ऐकलं नाही. चढले, मोजलं, तेरा हात तार तोडली. मग वर बांधायला वीतभर, खाली बांधायला वीतभर कमी पडली. सारंग परत येताना तिथंच उभा राहिला आणि म्हणाला, "सांगितलं होतं. गाठींचं वेगळं." हा असा. आपलं खरं झालं की माणूस जरा मऊ होतो, हा जास्त कडक व्हायचा. म्हणून त्याला मित्र नव्हता. मला वाटायचं, मित्र नसलेला माणूस काहीतरी लपवत असतो.

त्या दिवसांत आमच्याकडं जमिनीच्या नाना अफवा होत्या. रस्ता रुंद होणार, कोणी म्हणे कारखान्यासाठी जागा बघतायत. मिरजोळ्याच्या बाजूला तीन पायांचं यंत्र लावून माणसं मोजणी करताना दिसली आणि त्यांच्याशी बोलताना आमचा सारंग दिसला. मला ज्यानं सांगितलं त्यानं डोळा मिचकावून सांगितलं. मी त्याच दिवशी ठरवलं, ह्याच्या मागं राहायचं.

एका दुपारी तो दोरी खांद्यावर टाकून निघाला. मी मागं. चालत चालत मांडवीच्या समुद्रावर. मी एका भेळेच्या गाडीच्या आडोशानं उभा राहिलो. सारंग बंधाऱ्यावर गेला, दोन फिरायला आलेल्या माणसांना पकडलं, एका मासे विकणाऱ्या बाईला उभं केलं, तिघांच्या हातात तीन चिंध्या दिल्या आणि बंधाऱ्याच्या कोपऱ्यात दोरी ताणायला लावली. जागा बदलायला लावल्या. बाई हसत होती. मग त्यानं दोरी गुंडाळली, समुद्राकडं तोंड करून बसला आणि सूर्य खाली जाईपर्यंत बसून राहिला. बस्स. एवढंच.

घरी आल्यावर ही म्हणाली, "काय सापडलं?"

"काय नाय."

"मग झालं तर."

"झालं कसं? एवढ्यासाठी कोण मांडवीपर्यंत चालत जातो?"

तो आता नाही. नंतर हेदवीला भाचीकडं गेला आणि तिथंच वारला. ही दोरी त्यानं जाताना नेली नाही. माझ्याकडं विसरला का ठेवली, ते मला माहीत नाही. त्याच्या बाबतीत मला पुष्कळ गोष्टी माहीत नाहीत. पण त्या साली दिवाळीनंतर जे झालं ते माहीत आहे, कारण ते माझ्या अंगणात झालं.

माझ्या आणि माझ्या धाकट्या चुलतभावाच्या आवारांच्या मध्ये गडगा आहे. गडगा म्हणजे जांभ्या दगडाची नुसती रचलेली भिंत, आत चुना नाही, सिमेंट नाही. पावसाळ्यात कुठं कुठं ढासळतो आणि दिवाळीनंतर परत रचायचा असतो. आता रचताना दगड जुन्याच जागी बसतोय का बोटभर पलीकडं, हे कोण बघणार? म्हणून आमच्याकडं रिवाज असा की गडगा रचायला घेतला की दोन्ही घरची माणसं आपापल्या बाजूला उभी राहतात. बोलायचं नाही. नुसतं दगडाकडं बघायचं. आमच्या आज्यापासून आम्ही असे उभे आहोत.

माझं जुनं घर आवाराच्या मागच्या अंगाला. चुलतभावाचं घर पुढं, रस्त्याला लागून. माझ्या स्वैपाकघराच्या खिडकीतनं बघितलं की स्वच्छ दिसतं, गडगा माझ्यात घुसलाय. आणि हा गृहस्थ रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा, "बघा, दादाचा गडगा माझ्या फाटकाला चिकटला." निर्लज्जपणाला काही हद्द असते. आमचं बोलणं बंद होऊन इतकी वर्षं झाली होती की नेमकं कशावरनं बंद झालं ते बायकांना विचारावं लागेल.

नवीन घर मी पुढच्या मोकळ्या जागेत घ्यायचं ठरवलं, गडग्याला धरून, मध्ये एक माणूस जाईल एवढीच वाट सोडून. आमच्या हिच्यासाठीच म्हणा. ती तोंडानं मागत नाही, पण जुन्या घरात तिचा जन्म गेला. मिस्त्री आला, खुंट्या ठोकल्या. एक दोरी रस्त्याच्या अंगाला, एक दोरी गडग्याच्या अंगाला. दोन्ही जिथं मिळतात तिथं त्यानं गुण्या लावला आणि डोकं खाजवत राहिला.

"काका, गुण्या बसत नाय. ही बाजू आत येतेय. पुढची खुंटी थोडी डावीकडं घेऊ काय?"

"गडग्याला समांतर घे."

"पण गुण्या…"

"जागा गुण्याची हाय काय? गडग्याला समांतर. पुढं वाट रुंद ठेवली तर उद्या गडगा त्या वाटेत चालत येईल."

मिस्त्री मुकाट्यानं पांढरी फक्की मारून मोकळा झाला. त्याला काय, घर माझं. दोन दिवसांनी जेसीबी येऊन चर खणणार होता. आमची जमीन म्हणजे कातळ. कातळात एकदा चर पडला की तो आपल्या पुढच्या पिढ्यांना दिसतो.

त्याच दिवशी दुपारी मी केळीच्या आडनं बघितलं. सारंग गडग्याच्या पलीकडं, चुलतभावाच्या ओट्यावर बसून चहा पीत होता. दोरी मांडीवर. चुलतभाऊ हात करकरून रस्त्याच्या दिशेनं काहीतरी दाखवत होता आणि हा मान हलवत होता. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतके दिवस मी कारखान्याचा माणूस, सरकारचा माणूस असं धरून चाललो होतो. हा तर शेजारचा माणूस निघाला!

दुसऱ्या दिवशी सकाळी सारंग माझ्या फक्कीच्या रेघांपाशी येऊन उभा. मिस्त्रीही तिथंच होता.

"मालक, घर तिरकं होणार."

मी वाटच बघत होतो. म्हटलं, "असं? आणि सरळ करायला काय करू? रस्त्याच्या अंगाला आत सरकू?"

"हो. पुढचा कोपरा हातभर."

"म्हणजे गडग्यापासनं लांब."

"हो."

"काल चहा कसा होता?"

त्याला कळलं. पण तोंडावरची रेघ हलली नाही. म्हणाला, "गोड जास्त होता. तुमचा भाऊ सांगतो, पुढं गडगा त्याच्यात आलाय. तुम्ही सांगता, मागं तुमच्यात आलाय. दोघं खरं सांगता. गडगा रस्त्याला तिरका आहे. तुम्ही मागचं टोक बघता, तो पुढचं."

"मग पुढची जागा त्याची?"

"ते दोरीला कळत नाही. हद्द कशीही असू शकते, वाकडी, तिकडी, नागमोडी. घर असू शकत नाही."

हे असं दोन्हीकडं बोलणारा माणूस मला तर जास्तच घातकी वाटतो. पण मीही कच्चा नव्हतो. आदल्या संध्याकाळी तो आंघोळीला गेलेला असताना मी पडवीतल्या खुंटीवरची त्याची मोठी दोरी माझ्या नव्या पट्टीनं मोजली होती. वाव म्हणजे सहा फूट धरतात. ह्याच्या दोरीतला एकही वाव सहा फूट भरत नव्हता.

मी मिस्त्रीच्या समोर म्हटलं, "तुमची दोरी खोटी हाय. मी मोजली. एक भाग धड वावभर नाय. अशा दोरीनं तुम्ही माझं घर मोजणार?"

मिस्त्रीनं तोंड फिरवलं. मला वाटलं, सारंग आता खाली बघेल. तर तो हसला. खोलीत राहायला आल्यापासनं पहिल्यांदा मी त्याला हसताना बघितलं. पुढचे दोन दात नव्हते.

"पावसात भिजली. काथ्या आखडतो. एकच भाग आखडलाय का सगळे?"

"सगळे."

"सारखे?"

नाही म्हणता आलं असतं. पण खोटं बोलायची मला सवय नाही. "सारखेच म्हणायला पायजेत."

"मग तीनाचे तीनच राहिले, चाराचे चार, पाचाचे पाच. ह्या दोरीनं लांबी मोजाल तर फसाल. मी लांबी मोजतच नाही. पाळण्यातल्या पोराच्या हातानं वाव घेतलात तरी काटकोन तोच पडेल. दोरी आखडली तरी कोन आखडत नाही, मालक."

एवढं बोलून गेला. मिस्त्री हळूच म्हणाला, "काका, म्हणतोय ते…" मी म्हटलं, "तू तुझं काम कर." त्याला काम काही नव्हतं. तो बिडी पेटवून बसला.

दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. सारखे आखडले तर कोन तोच, हे वाक्य पायात काटा राहावा तसं राहिलं. मी खोटेपणा पकडला होता आणि तो खोटेपणाच नव्हता असं हा सांगत होता. माणूस हुशार असेल तर असंच सांगणार.

संध्याकाळी जेवायला बसलो. दिवे नुकते लागले होते. ही वाढत होती. मी तिला म्हटलं, "सारंगाला शेजाऱ्यानं फितवलाय. घराचा पुढचा कोपरा गडग्यापासनं आत घ्या म्हणतो."

हिनं पातेलं खाली ठेवलं आणि भिंतीच्या कडेला गेली. आमच्या जुन्या घरात लादी बसवलेली आहे. एका भिंतीपासनं सुरू करून दुसऱ्या भिंतीपर्यंत येताना शेवटच्या ओळीत लादी कापून घालावी लागली. चुलीकडं पूर्ण लादी बसते आणि दाराकडं येईतो ती निमुळती होत होत बोटभर उरते. पाचर मारल्यासारखी. त्या निमुळत्या तुकड्यांत चिखल बसतो, ते निसटतात. जन्मभर हिनं ते तुकडे परत बसवलेत.

तिनं पायाच्या अंगठ्यानं त्यातला एक तुकडा हलवला. डगडगला.

"मामंजींनी ह्या घराची भिंत कशाच्या लाईनीनं घेतली होती?"

मी घास हातात घेऊन बसलो.

"गडग्याच्याच ना?" ती म्हणाली. "मला सारंगाचं काय कळत नाय आणि भावोजींचंपण नाय. मला एवढंच, नवीन घरात ही पाचर नको. कातळात चर पडला की परत मी पाचरीच बसवायच्या. आता माझे गुडघेपण वाकत नायत."

असं ती कधी बोलत नाही. जेवण तसंच टाकून मी पडवीत गेलो. सारंग स्टोव्हवर भात ठेवून बसला होता.

"उठा. दोरी घ्या. माझ्यासमोर बघू, तुमचा काटकोन कुठं येतो."

"मी धरणार नाही."

"का?"

"मी धरली तर तुम्ही दोरीकडं बघणार नाही. माझ्या हाताकडं बघाल. मालकीणबाईंनी धरली तर म्हणाल, तिला कळत नाही. मिस्त्रीनं धरली तर म्हणाल, त्याला सारंगानं पढवलाय."

"मग धरणार कोण?"

त्यानं हनुवटी उचलून गडग्यापलीकडं दाखवलं. भाताचं झाकण ठेवलं. "मी सांगितलंय तुम्हाला. सगळ्यात कमी भरवसा ज्याच्यावर त्याला."

मी त्याला जे बोललो ते इथं लिहीत नाही. खोली खाली कर असंही म्हणालो बहुतेक. त्यानं खुंटीवरची दोरी काढली, माझ्या हातात दिली आणि स्टोव्हची वात कमी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आला तेव्हा मी गडग्याशी उभा होतो. चुलतभाऊ त्याच्या अंगणात दात घासत होता. इतक्या वर्षांत मी त्याला हाक मारली नव्हती, आणि आता मारायला गेलो तर आवाज फुटला तो जनावराला हाकल्यासारखा.

"अरे! इकडं ये."

त्यानं तोंडातला फेस थुंकला. इकडं तिकडं बघितलं, मी दुसऱ्या कोणाला बोलवतो का म्हणून. "मला?"

"दोरी धरायची हाय."

"कसली दोरी?"

"सारंगाची. घराचा कोपरा बघायचाय. ये."

"आणि मीच कशाला? तुला माझ्यावर भरवसा हाय काय, दादा?"

"नाय. म्हणून तर तुला बोलवतो."

त्यानं मग टॉवेलनं तोंड पुसलं, गडग्याला वळसा घालून फाटकातनं आला. माझ्या आवारात त्याचा पाय पडला तेव्हा आमच्या हिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. तो म्हणाला, "वयनी, बऱ्या हायसा काय?" ती म्हणाली, "हो, भावोजी." मिस्त्री आणि जेसीबीचा ड्रायव्हर आंब्याखाली उभे राहून बघायला लागले. सारंग पडवीच्या पायरीवर आमच्याकडं पाठ करून बसला होता. एकदासुद्धा वळला नाही.

लाल चिंधी मी धरली, पुढच्या कोपऱ्याच्या खुंटीवर. हिनं तीन भागांची पांढरी धरून रस्त्याच्या अंगाची दोरी पकडली. चुलतभाऊ चार भागांची पांढरी घेऊन गडग्याच्या बाजूनं मागं गेला. मी त्याच्या हाताकडं बघत होतो, तो माझ्या. माझी बाजू टणक झाली, हिची टणक झाली. तिसरी, लांबची, पाच भागांची बाजू मध्ये ढिली पडून फक्कीवर लोळली.

"ताण!" मी म्हटलं.

"ताणतोय की!" तो गडग्याकडं एक पाऊल सरकला. अजून ढिली. आणखी सरकला, तर पाठ गडग्याला टेकली. दोरी अजून जमिनीवर.

"आता काय गडग्यावर चढू?" तो म्हणाला. "अजून ताणायची तर मला माझ्या घरात जायला लागेल."

मी लोळणाऱ्या दोरीकडं बघितलं. तिला कोणी चहा पाजला नव्हता. आमची ही रस्त्याच्या अंगाला दोन्ही हातांनी चिंधी धरून उभी होती. ती दोरीकडं नव्हे, माझ्याकडं बघत होती.

"परत ये तुझ्या जागेवर," मी चुलतभावाला म्हटलं. "तू थांब तिथं. मी सरकतो."

मी लाल गाठ खुंटीवरनं उचलली आणि गडग्यापासनं लांब, डावीकडं सरकायला लागलो. ही पुढं पुढं सरकत गेली. फक्कीची रेघ पायाखालनं गेली. हातभर सरकलो असेन, आणि लांबची बाजू जमिनीवरनं उठली. आणखी थोडं, आणि तिन्ही बाजू टणक झाल्या. दोरीवर बोट मारलं असतं तर वाजली असती.

मला वाटलं, झालं. पण चुलतभाऊ म्हणाला, "असं नाय. आता जागा बदलू. तुझा काय भरवसा?"

ओट्यावरच्या चहाबरोबर त्यालाही हे शिकवलेलं दिसलं.

जागा बदलल्या. लाल त्यानं धरली, त्याची पांढरी मी. परत ताणली. गाठ परत तिथंच आली. त्यानं वाकून बघितलं, मी जवळ जाऊन बघितलं, एकमेकांकडं मात्र कोणी बघितलं नाही. मग मी जुनी खुंटी उपटली, मिस्त्रीच्या हातातला हातोडा घेतला, आणि चुलतभाऊ लाल गाठ जमिनीला टेकवून बसला होता तिथं, त्याच्या बोटांच्या अगदी कडेला, जपून ठोकली.